नऊ मिनिटांचा सूर्य

दादाने बाबांचा फोन कापला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत दोघांच्या मधली सगळी ये-जा धाकटीने एकटीने केली होती. बाबांना सांगायची, "दादा तुमची चौकशी करत होता." दादाला सांगायची, "बाबा तुझी आठवण काढत होते." दोन्ही वाक्यं तिच्या स्वतःच्या कारखान्यातली. दादा चौकशी करत नव्हता, आणि बाबा आठवण काढत असलेच तरी ती कोणाला कळू देतील तर ते बाबा कसले! पण घरात दोन हट्टी माणसं असली की तिसऱ्याला खोटं बोलावंच लागतं, नाहीतर घर चालायचं कसं? बाबा तिला वकीलबाई म्हणायचे. आधी कौतुकाने म्हणायचे, मग नुसतंच.

मूळ भांडण आईच्या मरणाचं. दादा हवामान खात्यात होता, विषुववृत्ताच्या पार पलीकडच्या एका बेटावर. बेट म्हणजे खडक, गवत, वारा आणि चार माणसं. बोट चार महिन्यांतून एकदा. आई गेली तेव्हा बोट येऊन गेल्याला दोन आठवडे झाले होते. दादा फोनवर म्हणाला, "बाबा, मला येता येत नाही." बाबा म्हणाले, "ज्याला यायचं असतं तो पोहत येतो. तुला आईसाठी जमत नसेल तर पुन्हा कधीच येऊ नकोस." दादाने फोन ठेवून दिला. झालं एवढंच, पण दोघांनीही ते जन्माचं धरून ठेवलं.

बाबांचा चेहरा बघवेना म्हणून धाकटीने दुसऱ्या दिवशी सांगितलं, की दादा खरं तर निघाला होता. मासेमारीची एक बोट मिळाली होती, पण समुद्र खवळला आणि अर्ध्यातून परत फिरावं लागलं. बाबा निवळले. साडेतीन महिने निवळलेले राहिले. मग पुढच्या बोटीने दादाचं पत्र आलं, आईबद्दल चार पानं, आणि त्यात साध्या शब्दांत लिहिलेलं, की त्या दिवसांत बेटाच्या आसपास एक होडीसुद्धा फिरकली नव्हती. बाबांनी पत्र तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुझी बोट बुडाली, वकीलबाई." त्यानंतर दादाबद्दल ती जे सांगेल ते बाबा ऐकून घ्यायचे, "बरं" म्हणायचे, आणि त्यातलं एक अक्षर खरं मानायचे नाहीत.

आता यातला विरोधाभास बघा. त्या बेटावरून बाहेरच्या जगात येणारा एकूण एक फोन धाकटीच्या हाताखालून जायचा. ती उपग्रहाच्या स्टेशनवर इंजिनीअर होती. स्टेशन म्हणजे गावाबाहेरचं कुंपण, आत नऊ मीटरची एक भलीमोठी डिश, आणि तिच्या पायाशी एक बसकी इमारत, जिच्यात पंखे बंद करायला परवानगी नव्हती. बेटावरचा दीड मीटरचा तवा आकाशात ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसला होता, त्याच उपग्रहाकडे हिची डिशही बघत होती. भावाबहिणीच्या मध्ये एक समुद्र आणि वर एक उपग्रह होता, आणि त्याच्यातून ती रोज कोणाकोणाची बोलणी जोडून द्यायची. फक्त आपल्या घरातली दोन माणसं तेवढी तिला जोडता येत नव्हती.

मार्च निम्मा सरला आणि बाबांची छाती भरली. चाळीस वर्षं लिफ्टदुरुस्ती करताना लिफ्टच्या विहिरींत धूळ आणि वंगण खाल्लेली फुप्फुसं, ती किती दिवस चालणार? पंधरा दिवस हॉस्पिटलात काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी धाकटीला बाहेर बोलावलं. उद्या दुपारी बारा वाजता श्वासाची नळी घालावी लागेल, म्हणाल्या. नळी घातल्यावर बोलता येणार नाही. ती पुन्हा निघेल का, हे विचारल्यावर बाई तिच्या डोळ्यांकडे न बघता हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या. धाकटीला जे समजायचं ते समजलं.

ती आत आली तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते. नाकावरचा मास्क सरकवून म्हणाले, "तुझं ते वरचं यंत्र. त्याला दोरी कुठली?"

बाबांना प्रत्येक वर जाणाऱ्या गोष्टीची दोरी कुठे आहे हे बघायची सवय. तीस वर्षांत त्यांनी तिच्या नोकरीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. तिने खुर्ची ओढली.

"दोरी नाही, बाबा. ते पडतंच असतं सारखं."

"मग आपटत का नाही?"

"पडता पडता आडवंही पळतं ना. सेकंदाला तीन किलोमीटर. ते जितकं खाली येतं, तितकी खालची जमीन गोल असल्यामुळे वळून बाजूला होते. म्हणून ते नुसतं फिरत राहतं."

"फिरतं? मागे तर म्हणालीस, एका जागी उभं असतं म्हणून."

"खालून बघणाऱ्याला उभं दिसतं. जमिनीच्या जवळचे उपग्रह दीड तासात एक फेरी मारतात. जितकं वर जावं तितकी फेरी लांब आणि चाल धीमी. छत्तीस हजार किलोमीटरवर एक अशी उंची आहे, की तिथे एक फेरी मारायला बरोबर एक दिवस लागतो. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला एक दिवस. दोघं बरोबरीने फिरतात. म्हणून आपल्या डिशला मान हलवावी लागत नाही."

"कुठेही ठेवलं तरी चालतं?"

"छे. फक्त विषुववृत्ताच्या डोक्यावर. तिथून जरा कलतं ठेवलं की दिवसभरात वर-खाली डुलायला लागतं. तसंही चंद्रसूर्य त्याला ओढत असतातच. दर दोन आठवड्यांनी थोडं इंधन जाळून आम्ही त्याला जागेवर आणतो."

बाबांनी डोळे मिटले. झोपले असं तिला वाटलं. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "त्याला लावता येईल का फोन?"

नाव न घेता 'त्याला' म्हणजे कोण, हे त्या घरात एकाच माणसाबद्दल असायचं.

"लावते की! उद्या सकाळीच लावते."

"आणि मला काय बोलायचं ते शिकवू नकोस."

"नाही शिकवणार. फक्त एक करायचं, बाबा. तुमचं बोलून झालं की मनात एक, दोन म्हणायचं आणि थांबायचं. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, आणि त्याचं उत्तर यायला आणखी पाव. तेवढं थांबला नाहीत तर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलाल."

"ते आम्ही समोरासमोर बसूनही करायचो," बाबा म्हणाले आणि हसले, आणि हसण्याचा खोकला झाला.

संध्याकाळी तिने स्टेशनवरून दादाला फोन लावला. बाबांना बोलायचंय म्हटल्यावर पलीकडे जी शांतता पसरली ती अर्ध्या सेकंदाची नव्हती. मग दादा म्हणाला, "खरंच ते म्हणाले, का तू म्हणतेस?"

"ते म्हणाले."

"बरं." मग जरा वेळाने, "अकराचा फुगा सोडून, आकडे पाठवून होईपर्यंत साडेअकरा होतात मला. तुमच्या घड्याळाने." दादा रोज त्या वेळी हवामानाचा फुगा सोडायचा, आणि ते काम आभाळ कोसळलं तरी चुकवता येत नसे.

बाबांना बारा वाजता नेणार. तिने मध्ये बघून अकरा चाळीस ठरवलं. वीस मिनिटं. सहा वर्षांचं बोलायला वीस मिनिटं थोडी, पण त्या दोघांना दहासुद्धा पुरून उरली असती. तिने वहीत वेळ लिहिली, आणि शिफ्टवरच्या म्हाताऱ्याला, ज्याला सगळं स्टेशन मामा म्हणायचं, लाइन मोकळी ठेवायला सांगितलं. मामांनी पेन्सिलीने वेळ लिहून घेतली.

आणि इथेच ती चुकली. ही चूक बाहेरच्या माणसाच्या हातून झालीच नसती, कारण त्याला ते ठाऊकच नसतं.

वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होण्याच्या सुमाराला, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जातो. डिशचं तोंड उपग्रहाकडे असतं, म्हणजे तेवढा वेळ ते थेट सूर्याकडेही असतं, आणि सूर्य नुसता तापत नाही, तो रेडिओवरही गर्जत असतो. त्या गर्जनेत उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. काही मिनिटं ऐकणं बंद. स्टेशनवर याला 'ऊन लागणं' म्हणायचे. कोणत्या डिशला कोणत्या दिवशी, कितीला ऊन लागणार हे सेकंदापर्यंत आधी सांगता येतं, आणि ते काढायचं काम वीस वर्षं धाकटीकडे होतं. ती त्याचं पत्रक तयार करायची, सगळ्या स्टेशनांना पाठवायची, एक आपल्या फळ्यावर लावायची.

अकरा चाळीस ठरवताना तिला उन्हाची आठवण झाली नाही असं नाही. झाली. तिने मान वळवून फळ्याकडे पाहिलं. फळा रिकामा होता. पत्रक तिनेच तीन आठवड्यांपूर्वी काढून टाकलं होतं, कारण ऊन सरलं होतं. पण ते तिच्या स्टेशनचं सरलं होतं. उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर; अलीकडच्यांना तो जरा दक्षिणेला दिसतो, पलीकडच्यांना जरा उत्तरेला. मार्चमध्ये सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येतो, तेव्हा आधी अलीकडच्यांना ऊन लागतं, आणि ते विसरून गेल्यावर, एप्रिलच्या तोंडाला, पलीकडच्यांना. नवीन येणाऱ्या पोरांना ती हे फळ्यावर चित्र काढून शिकवायची. पण त्या संध्याकाळी ती इंजिनीअर नव्हती, मुलगी होती, आणि मुलीने रिकामा फळा बघितला आणि सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सकाळीच दाढी करून मागितली. नर्सने करून दिली, गालावर दोन ठिकाणी कापलं. मग केस विंचरून मागितले. "फोनवर दिसत नाही, बाबा," धाकटी म्हणाली. "मला दिसतं ना," बाबा म्हणाले.

अकरा चाळीसला मामांनी लाइन जोडली. तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो बाबांच्या छातीवर, चादरीच्या घडीत ठेवला. नर्स मुद्दाम बाहेर गेली आणि जाताना तिने दार ओढून घेतलं.

"बाबा?" दादाचा आवाज आला. आवाज जाडा झाला होता. सहा वर्षांत माणसाच्या आवाजालासुद्धा वय येतं.

बाबांचे ओठ हलले. एक, दोन. "बोल."

"कसं आहे?"

"आहे."

धाकटीने पदरी पडेल ते गोड मानायचं ठरवलं होतं, पण तिने फोनचा आवाज आणखी वाढवला.

"तिकडे थंडी?" बाबांनी विचारलं.

"वारा जास्त."

"स्वयंपाक कोण करतं?"

"पाळीपाळीने. माझी पाळी असली की बाकीचे तिघं भूक नाही म्हणतात."

बाबा हसले, खोकले, मास्क लावून दोन श्वास घेतले, पुन्हा काढला. "आईजवळ बसला असतास तर शिकला असतास." हे बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, कुठे पाय पडला ते.

"हो," दादा म्हणाला. मग घाईघाईने, वाट बदलावी तसा, म्हणाला, "बाबा, इथे धक्क्यावरून सामान वर ओढायला एक विंच आहे. तिचा ब्रेक घसरत होता. मागच्या वर्षी मी उघडून नीट केला."

"आधी भार काढलास?"

"आधी भार काढला. मग खाली ओंडका लावला. तुम्ही करायचात तसंच."

"ब्रेकचं अस्तर?"

"बदललं. जुन्या पट्ट्याचं कापून लावलं."

"घसरत नाही आता?"

"नाही घसरत."

"शाबास," बाबा म्हणाले. तो शब्द दादाने त्यांच्या तोंडून शेवटचा कधी ऐकला असेल ते देव जाणे. धाकटीने तर कधी ऐकलाच नव्हता. बाबांचे डोळे भरले होते. त्यांनी मास्क पूर्ण बाजूला केला, फोन दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ आणला.

"ऐक," ते म्हणाले.

"हं," दादा म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा सेहेचाळीस झाले होते.

"त्या दिवशी मी बोललो ते तुला नव्हतं," बाबा म्हणाले. प्रत्येक दोन शब्दांना श्वास लागत होता. "तुझी आई गेली होती. माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. ते सगळं मी तुझ्यावर काढलं. बोट नव्हती, हे मला ठाऊक होतं. तेव्हाच ठाऊक होतं. चुकलं माझं. तू ये. मी असलो नसलो तरी घरी ये."

धाकटीने तोंडावर हात घेतला. हे ऐकायला ती सहा वर्षं जगली होती.

बाबांनी फोन पुन्हा छातीवर ठेवला आणि मोजायला लागले. एक. दोन. चादरीवर त्यांची बोटं एकेक करून मिटत होती. तीन. चार. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली. त्यांनी तिच्याकडे बघून भुवया वर केल्या, किती मोजायचं? तिने हाताने खूण केली, थांबा. दहा झाले. बाबांनी पुन्हा पहिल्या हातापासून सुरुवात केली. फोनमधून काही म्हणजे काही येत नव्हतं. श्वाससुद्धा नाही.

विसाला बाबांनी मोजणं सोडून दिलं.

"कापला," ते म्हणाले.

"नाही, बाबा! थांबा, लाइन गेली असेल." ती दुसऱ्या फोनवरून मामांशी बोलत होती. "मामा, बेट गेलं का?"

"गेलं की," मामा शांतपणे म्हणाले. "ऊन लागलं ना त्यांना. अकरा सेहेचाळीस ते अकरा पंचावन्न. तुझंच पत्रक आहे, गेल्या महिन्यात तूच पाठवलंस. मला वाटलं, ठाऊक असूनच तू ही वेळ घेतलीस, मध्ये विश्रांती म्हणून."

बेटावरच्या छोट्या तव्याला वरचं ऐकू येईनासं झालं की तो आपलं बोलणंही आपोआप बंद करतो, हेही तिला पाठ होतं. दादाला बाबांचा आवाज गेला नव्हता, आणि बाबांना दादाचा आला नव्हता. तिने बाबांचा हात धरला.

"बाबा, त्याने कापला नाही. माझी चूक झाली. सूर्य आड आला. उपग्रहाच्या मागे सूर्य आला की तिकडे नऊ मिनिटं काही ऐकू येत नाही. वर्षातून दोनदा होतं असं. मला ठाऊक होतं, मी विसरले. नऊ मिनिटांनी पुन्हा लागेल लाइन. तुम्ही बोललात ते त्याला ऐकूच गेलं नाही, बाबा. पुन्हा बोला. नऊ मिनिटांनी पुन्हा बोला."

बाबा तिच्याकडे बघत होते. राग नव्हता त्यांच्या नजरेत. असता तर बरं झालं असतं.

"सूर्य आड आला," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मागे बोट परत फिरली होती. आता सूर्य आला."

"बाबा, ते खोटं होतं. हे खरं आहे. तुम्ही कोणालाही विचारा. मामांना विचारा, लावून देते..."

"बरं, बरं," बाबा म्हणाले. तिच्या हातावर त्यांनी हात ठेवला. त्यांचा हात गार होता. "तू आमच्या दोघांसाठी पुष्कळ केलंस, वकीलबाई. आता पुरे."

बोलण्याने त्यांची ताकद संपली होती. उशाशी लावलेलं यंत्र वाजायला लागलं, नर्स आत आली, मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. आकडा बघून म्हणाल्या, बारापर्यंत थांबता येणार नाही. धाकटी मधे उभी राहिली. पाच मिनिटं द्या, म्हणाली. फक्त पाच. बाईंनाही दया आली असावी, कारण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग बाबांना विचारलं, "काका, थोडं थांबायचं का?"

बाबांनी मान हलवली. "कशाची वाट बघायची?" ते म्हणाले. "चला."

पलंगाची चाकं सोडली आणि त्यांना घेऊन गेले. दारातून बाहेर पडताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटून घेतले होते. नळी घातल्यावर बाबा चार दिवस होते, पण जागे झाले नाहीत. ती रोज त्यांच्या कानाशी बसून सांगत राहिली, की खरंच सूर्य होता. त्यांनी ते ऐकलं की नाही, आणि ऐकलं असलं तर मानलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

पण ते पुढचं. त्या वेळी ती रिकाम्या खोलीत उभी होती, पलंगाच्या जागी फरशीचा एक स्वच्छ चौकोन दिसत होता. अकरा छप्पन्नला फोन वाजला.

"छोटी? आली लाइन. बाबांना दे."

"नेलं त्यांना, दादा."

एक, दोन. "नळीला?"

"हो."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, कप असेल. नंतर वाऱ्याचाच आवाज येत राहिला.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी माझ्या स्टेशनचं ऊन बघितलं. तुमचं राहिलं डोक्यातून."

"राहिलं?" दादा म्हणाला. "मला वाटलं तू मुद्दाम ठेवलीस ही वेळ. तुझं पत्रक भिंतीवर लावलंय माझ्या समोर. आजच्या तारखेसमोर सेहेचाळीस. काल तू चाळीस म्हणालीस तेव्हाच मी बघितलं. म्हटलं, हुशार आहे आपली छोटी, सहाच मिनिटं दिली. भांडण सुरू व्हायच्या आत सूर्य तोडेल." त्याचा आवाज घसरला. "मला बरंच वाटलं होतं. विंचचं बोललो ते वेळ काढायलाच. घड्याळ बघत होतो मी, छोटी. कधी एकदा सेहेचाळीस होतात म्हणून बघत होतो."

तिला ओरडावंसं वाटलं आणि ओरडायला तोंड नव्हतं. दोघांनी मिळून केलं होतं ते.

"मग ते 'ऐक' म्हणाले," दादा म्हणाला. "आणि मला वाटलं, नको, आता थांब, जाऊ नकोस. पण खरखर सुरू झाली. काय म्हणाले पुढे?"

तिने सांगितलं. सांगण्याआधी डोळे मिटले, आणि बाबांचे शब्द होते तसे, त्याच क्रमाने सांगितले. तुला नव्हतं ते. बोट नव्हती, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. चुकलं माझं. मी असलो नसलो तरी घरी ये. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने एकाचा निरोप दुसऱ्याला देताना पदरचं एक अक्षर घातलं नाही.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"'चुकलं' म्हणाले?" त्याने विचारलं. "आपले बाबा?"

"हो."

"बरं."

तो 'बरं' तिने ओळखला. घरातला होता तो. "दादा, खरंच म्हणाले ते. शब्द न् शब्द."

"हो ग. म्हणाले असतील."

"असतील नाही! म्हणाले. मी इथे बसले होते, माझ्यासमोर म्हणाले."

"आणखी कोणी होतं?"

कोणी नव्हतं. नर्स बाहेर गेली होती, दार ओढून. धाकटी रडायला लागली, आणि रडताना हेही तिला कळत होतं, की रडण्यामुळे आपलं बोलणं आणखीच खोटं वाटतंय.

"रडू नकोस," दादा समजुतीने म्हणाला. लहानपणी ती पडली की तो असाच बोलायचा. "तू चांगलं सांगितलंस. ऐकून बरं वाटलं मला. पाच आठवड्यांनी बोट आहे, मी येतो. मग समोर बसून सांग, ते खरं काय म्हणाले ते. जे असेल ते सांग, मी ऐकून घेईन. आत्ता नको."